पेडलवरचा पाय

बाबा,

तुमची गाडी मी उघडली. आई असती तर तिने किल्ली दिली नसती, हे तुम्हालाही माहीत आहे. आईला जाऊन आता तीन वर्षं होतील आणि तुम्हाला बावीस. अंधेरीची आपली इमारत पाडायला काढली आहे. मागची गॅरेजं आधी जाणार, म्हणून दोन महिन्यांपूर्वी सोसायटीने ती रिकामी करायला सांगितलं, आणि आईच्या कपाटातल्या डब्यातून मी ती किल्ली काढली. भर दुपार होती. बंद जागेचा कुबट वास येईल म्हणून मी नाकाला रुमाल लावून दार ओढलं, पण आतून वास आला तो एरंडेलाचा. गाडीच्या टपावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ होती. सीटवर होती, स्टिअरिंगवर होती. वाकून खाली पाहिलं तर क्लचवर होती, अ‍ॅक्सिलरेटरवर होती. ब्रेकच्या पेडलवर तेवढी नव्हती. त्याचं रबर काळंभोर आणि स्वच्छ होतं, जसा आत्ताच कुणी त्यावरचा पाय काढून घेतला असावा. उंदीर फिरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि दार लावून घरी आले. चहा केला आणि प्यायचा विसरले.

आपल्या आळीत तेव्हा गाड्या इन मीन चार होत्या, आणि पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली आपली एकटीच. परदेशी परत जाणाऱ्या कुठल्याशा साहेबाची ती गाडी तुम्ही जुनी घेतली होती. ड्रॉइंग ऑफिसातून घरी आलात की कॉलर सैल करायच्या आधी एक चक्कर गॅरेजकडे. आई म्हणायची, सवत परवडली असती, ती निदान तेल मागत नाही. बाहेर कुणाला तुम्ही गाडीला हात लावू दिला नाहीत. तुमचं म्हणणं साधं होतं: जिच्यात आपली माणसं बसतात तिचा ब्रेक आपल्या हाताने बसवलेला असावा. दर दोन वर्षांनी तुम्ही दोन्ही कॅलिपर उतरवायचात. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारी लोखंडी मूठ, हे तुम्ही मला माझ्या दोन तळव्यांमध्ये आईची बशी धरायला लावून समजावलं होतं. त्या मुठीत समोरासमोर दोन पिस्टन, आणि प्रत्येक पिस्टनभोवती खाचेत बसणारं एक रबरी कडं. ते सील. जुनं सील काढायला तुम्ही आईची हस्तिदंती क्रोशाची सुई घ्यायचात, कारण लोखंडाने खाचेला चरा पडतो. आणि नवं सील बसवण्याआधी बोटाने एरंडेल लावायचात. दुसरं तेल रबराला चालत नाही, रबर फुगतं, असं तुम्ही दर वेळी सांगायचात. रविवारी सकाळी चमच्यातून आमच्या घशात जाणारं तेच एरंडेल.

शेवटचं काम दोघांचं असे. नळीतली हवा काढायची. तुम्ही चाकापाशी चटईवर आडवे आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर, पाय जेमतेम पोचणारे. तुम्ही म्हणायचात, दाब. मी दाबायची. तुम्ही म्हणायचात, धर. मी धरून ठेवायची आणि तुम्ही छोटा बोल्ट आवळून घ्यायचात. मग म्हणायचात, सोड. मला तुम्ही दिसायचा नाहीत, तुम्हाला मी दिसायची नाही. फक्त तुमचा आवाज बोनेटच्या पलीकडून यायचा. शाळेत सिस्टर सांगायच्या की प्रार्थना करताना देव दिसत नाही तरी ऐकतो. मला ते लगेच पटायचं, का ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

तर आता गाडीचं काय करायचं? भंगारात घालवणं मला जमेना. चुलत भावाने मुलुंडला त्याच्या शेडमध्ये जागा दिली. पण तिथवर नेण्याआधी ब्रेक हवेत. साकीनाक्याला जुन्या गाड्यांचं काम करणारा एक माणूस मिळाला. पन्नाशीचा, हसरा, कानामागे पेन्सिल. दोन्ही कॅलिपर द्या म्हणाला, पिस्टन पॉलिश करतो, सील नवी टाकतो, दाबावर टेस्ट करून देतो, झकास. मी म्हटलं, सीलचा संच तेवढा मागवून द्या, बाकी मी करीन. तो माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिला.

"आंटी, मोबाइलवर व्हिडिओ बघून केक करतात. ब्रेक नाही करत."

"माझा केक कधी फुगलेला नाही," मी म्हटलं.

तो हसला, मग गंभीर झाला. "तसं नाही ना. मी काम केलं आणि उद्या काही झालं तर तुम्ही येऊन माझी मान पकडाल. तुम्ही स्वतः केलंत तर कोणाची पकडणार?"

बाबा, मला याच प्रश्नाचं उत्तर बघायचं होतं. सत्तेचाळीस वर्षं त्या डाव्या चाकात ते उत्तर बंद होतं. दुसऱ्याच्या हातात मी ते कसं देणार?

तो शनिवार तुम्हाला आठवत असेल. माझ्यापेक्षा जास्तच. मी चौदा वर्षांची आहे. शाळेत फेट आहे, खेळांचे आणि खाऊचे स्टॉल, दुपारी तीनला. मी पांढरा फ्रॉक घालून तयार आहे आणि तुम्ही अजून डाव्या चाकाशी आहात. उजवं झालं आहे. तुमची एरंडेलाची बाटली संपली आहे, आणि तुम्ही म्हणता, वर जा, आईकडून दुसरी आण, मग हवा काढू आणि तू जा. मी जिने चढते. आई शेजारी गेली आहे. स्वयंपाकघरातली एरंडेलाची बाटली मी उलटी करते तर थेंबही नाही. वाण्याकडे जायचं म्हणजे रस्ता ओलांडून जा, रांगेत उभी राहा, आणि मैत्रीण खाली हाका मारते आहे. शिलाई मशीनवर तेलाची बाटली आहे. अगदी तशीच, औषधाची, कारण आई दोन्ही तेलं रिकाम्या औषधाच्या बाटल्यांतच भरून ठेवायची. मी ती उचलते. तेल ते तेलच, असं मनात म्हणते. तुम्ही दर वेळी सांगायचात ते माझ्या कानात होतं, बाबा. विसरले असते तर आज निदान तसं म्हणता आलं असतं.

तुम्ही आडव्यानेच हात पुढे केलात. बोट बुडवलंत. चोळून पाहिलंत.

"आज पातळ कसं लागतंय गं?"

"आईने आत्ताच गरम केलं होतं," मी म्हटलं.

तुम्ही बोट पुन्हा बुडवलंत. सील बसवलंत, कॅलिपर चढवला, मी सीटवर बसले, दाब, धर, सोड. माझ्या पायाखाली पेडल दगडासारखं घट्ट झालं. तुम्ही उठून हात पुसलेत आणि म्हणालात, तुझ्यासारखा पाय कुणाचा नाही, बरोबर सांगितल्या वेळी थांबतो. मी फेटला गेले. तिथे मी एक पितळी घंटी जिंकले होते, लहानशी. ती कुठे गेली मला माहीत नाही.

चार दिवस गाडी चालली. बुधवारी सुट्टी होती आणि आपण आरेला गेलो, आई पुढे तुमच्या डावीकडे, मी मागे. जातानाच तुम्ही म्हणालात, गाडी जरा डावीकडे ओढतेय. मग जळल्याचा वास आला आणि तुम्ही म्हणालात, ब्रेकचे पॅड नवे आहेत, घासून बसतील. उतारावर तुम्ही ब्रेक दाबलात आणि तुमचा गुडघा एकदम खाली गेला. मला मागून तुमची मान दिसत होती. हँडब्रेक ओढलात, स्टिअरिंग वळवलंत, आणि गाडी तबेल्याच्या भिंतीवर डाव्या बाजूने आदळली. म्हशी हंबरायला लागल्या. आईचा गुडघा डॅशबोर्डखाली चिरडला होता. ती त्यानंतर आयुष्यभर जिना आडवी चालली, एक पायरी, मग दुसरा पाय, मग पुढची पायरी. तो आवाज तुम्ही पंचवीस वर्षं ऐकलात आणि मी चव्वेचाळीस.

गाडी ओढत आणून गॅरेजात लावली. मामा आला तो तापलेलाच. भावोजी, ब्रेक म्हणजे काय घरचा रेडिओ आहे, खोलून बसायला? त्यानेच दोन दिवसांनी एक मिस्त्री आणला, नक्की काय झालं ते कळलंच पाहिजे म्हणून. वयस्कर माणूस होता, खाकी कपडे, कमी बोलणारा. त्याने डावं चाक उतरवलं, कॅलिपर काढला. पिस्टन त्याच्या बोटांनीच बाहेर आले. त्याने आत बघितलं, खाचेवरून नख फिरवलं. मग उतरवलेल्या चाकाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून ते बोट उजेडात धरलं. मी दारापाशी उभी होते, आता तो तेलाचं नाव घेणार. तो तुमच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "सील टाकायलाच विसरलात."

मामाने कपाळाला हात लावला. तुम्ही दोन्ही हात मागे बांधून उभे होता. तसं उभं राहिलेलं मी तुम्हाला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"हो," तुम्ही म्हणालात. "राहिलं वाटतं."

आणि मला, बाबा, आनंद झाला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी वर धावत गेले, मोरीत तोंड धुतलं आणि हसले. माझं तेल नव्हतंच. तुम्हीच विसरलात. त्या दिवसापासून मी मोकळी झाले आणि तुमचे हात मागे गेले ते गेलेच. फ्यूज उडाला तर तुम्ही वायरमनला बोलावायचात आणि मेणबत्ती धरून उभे राहायचात. भिंतीत खिळा ठोकायला सुतार. कॉलेजात असताना माझ्या सायकलची चेन पडली, मी ती ढकलत तुमच्याकडे आणली. तुम्ही हात मागे बांधून, वाकून पाहिलंत. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे ने म्हणालात, तो नीट करील. दोन मिनिटांचं काम होतं. मला तेव्हा तुमचा थोडा राग आला होता.

आता या महिन्याचं सांगते. उजवा कॅलिपर मी आधी उतरवला. बोल्ट इतके गंजले होते की दोन दिवस रोज थोडं रॉकेल टाकून ठेवलं. पिस्टन निघेनात, मग पिशवीत घालून पंक्चरवाल्याकडे नेला आणि त्याच्याकडून हवेने काढून घेतले. एक पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा भिंतीवर गेला. सगळं स्पिरिटने धुतलं. जुनं सील आतमध्ये दगड होऊन बसलं होतं, ते आईच्या क्रोशाच्या सुईने तुकड्यातुकड्याने काढलं. नवं बसवताना बोटांना एरंडेल लावलं आणि माझ्या हाताला तुमच्या हाताचा वास आला.

मग डावा. पाना लावला आणि बोल्ट फिरला. सहज. सत्तेचाळीस वर्षांनी. आट्यांवर ग्रीस होतं. पिस्टनही ग्रीस लावून ठेवलेले, दोन बोटांनी बाहेर आले. आणि खाचा रिकाम्या. सील नव्हतं. मिस्त्री खरं बोलला होता. मला पुन्हा तोच आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा. मी सगळं धुऊन पुसून ठेवलं आणि तुमच्या पद्धतीने आधी सुकं बसवून बघितलं, सीलशिवाय, पिस्टन नीट सरकतो का ते. सरकला. का कोण जाणे, मी नळीच्या भोकातून थोडं ब्रेक ऑइल आत ओतलं.

ते थांबलंच नाही. पिस्टनच्या कडेने सरळ खाली आलं, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत, आणि चटईवर. दाब न देता, नुसतं ओतल्याबरोबर. मी त्या ओल्या चटईकडे बघत बसले आणि मला माझ्या चौदा वर्षांच्या पायाखालचं पेडल आठवलं. दगडासारखं घट्ट. सील नसतं तर ते पहिल्याच दाबाला तळाला गेलं असतं आणि सगळं तेल चाकाच्या आत सांडलं असतं. गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर पडली नसती, चार दिवस चालायची गोष्ट सोडाच. सील होती, बाबा. अपघात झाला तेव्हा ती जागेवर होती, फुगून पिस्टनला घट्ट धरून. म्हणून तो ब्रेक सुटेना, तापून आतलं तेल उकळलं आणि पेडल खाली गेलं. मिस्त्री येण्याआधी कुणीतरी ती काढली.

त्या मिस्त्रीने उजेडात धरलेलं बोट कोरडं होतं. तेही मला आत्ताच दिसलं. त्याला कळलं होतं. त्याने तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही त्याच्याकडे, आणि तुम्हा दोघांच्या मध्ये दारात एक मुलगी उभी होती.

मग आठवला तो लाल दोरा. अपघातानंतरच्या आठवड्यात शिलाई मशीनच्या तेलाच्या बाटलीच्या गळ्याला कुणीतरी लाल दोरा बांधला होता, चांगल्या दोन गाठी मारून. दोन्ही बाटल्यांत फरक कळावा म्हणून. आईने बांधला असेल, असं मी धरून चालले. आई तेव्हा पलंगावर होती, पाय प्लास्टरमध्ये. सहा आठवडे ती मशीनपर्यंत गेलीच नाही. पुढे एकदा तिने मलाच विचारलं होतं, हा दोरा कुणी बांधला गं? तुम्ही पेपर वाचत होता. तुम्ही पान उलटलंत.

साकीनाक्याच्या माणसाने माझं काम केलं असतं तर त्याने रिकाम्या खाचेत नवं सील टाकून दिलं असतं आणि मला काही सांगितलं नसतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

डाव्या कॅलिपरमध्ये सील मीच बसवली. चढवला. हवा काढायला दोन माणसं लागतात आंटी, तेव्हा तरी मला फोन करा, असं त्याने बजावलं होतं. मी केला नाही. उजव्या चाकाची हवा मी एकटीने काढली, बोल्टला नळी, नळीचं टोक बाटलीत, आत बसून पेडल दाबायचं, उतरून बघायचं, परत आत. गुडघे बोलायला लागले. डाव्या चाकाशी आले तेव्हा साडेतीन वाजले असतील. बाहेर कडक ऊन, आत पंख्याचा आवाज. मी चटईवर आडवी झाले, पान्याने बोल्ट सैल केला, आणि सवयीने म्हणा, थकव्याने म्हणा, माझ्या तोंडून गेलं, दाब.

नळीतून तेल आलं. बुडबुडे आले.

गाडीत कुणी नाही, हे माझ्या लक्षात यायच्या आत मी धर म्हणून बोल्ट आवळला होता. मी हलले नाही. मला फक्त मडगार्ड दिसत होतं आणि चाकामागचा गंजलेला दांडा. मी म्हटलं, सोड. आतून पेडल वर आल्याची कुरकुर ऐकू आली, ती तेव्हाही यायची तशीच. असं चार वेळा झालं. दर वेळी बुडबुडे कमी. मला भीती वाटत होती, बाबा, आणि तरी मी काम थांबवलं नाही, कारण अर्धवट सोडलं की परत हवा शिरते. पाचव्या वेळी तेल स्वच्छ आलं, सरबतासारखं, एकही बुडबुडा नाही. मी म्हटलं, धर. बोल्ट आवळला. पुढचा शब्द मी उच्चारला नाही.

उठले, बोनेटला धरून फिरून आले. सीट रिकामी. सीटवरची धूळ मी पुसली होती, त्यावर कुणी बसल्याची खूण नव्हती. ब्रेकचं पेडल अर्ध्यावर खाली होतं आणि तिथेच थांबलेलं. त्याचं रबर मध्ये दबलेलं होतं. मी बघत उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही हात मी मागे बांधले आहेत.

जिन्यात तळमजल्याच्या काकू भेटल्या. त्या आता नव्वदीला आल्या, पण खिडकीतून सगळं ऐकतात. म्हणाल्या, चांगला माणूस मिळाला हो तुला मदतीला. दाब म्हटलं की दाबतो, हू नाही की चू नाही. मराठी आहे का गं? मी हो म्हटलं.

याला आज तीन दिवस झाले. मी रोज दुपारी जाऊन बघते. पेडल तिथेच आहे. साकीनाक्याच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल मास्टर सिलिंडर जाम झालाय आंटी, मी येतो, पाच मिनिटांत मोकळा करतो. तो करीलही. म्हणून मी त्याचे फोन उचलत नाही. सोमवारी गॅरेज रिकामं व्हायला हवं, टोइंगवाला सकाळी दहाला येणार आहे, आणि पेडल असं खाली असताना चाकं फिरणार नाहीत. मला एकच शब्द म्हणायचा आहे, सोड. पण त्याआधी दुसरं वाक्य म्हणायला हवं, की ती बाटली मी आणली आणि गरम केल्याचं खोटं सांगितलं. ते मी इथे लिहू शकले. तिथे उभी राहून तीन दुपार तोंड उघडलं आणि मिटलं.

हे पत्र दुमडून तुमच्या सीटवर ठेवावं असं काल मनात आलं होतं. ठेवणार नाही. ते वाचायला तुम्हाला पेडलवरचा पाय काढावा लागेल, आणि खरं सांगते, मला अजून तो तिथे हवा आहे.